व्हीएमएफ संदेशाचा पार्सर कसा लिहावा

रणक्षेत्रावरील रेडिओ जाळ्यांची बँडविड्थ तुटपुंजी असते, आणि त्यामुळेच अमेरिकी सैन्याच्या व्हीएमएफ (व्हेरिएबल मेसेज फॉरमॅट) या संदेश-मानकात (मिल-एसटीडी-६०१७) जी माहिती सांगायची नाही तिच्यासाठी जागाही अडवली जात नाही. लिंक-१६ या दुसऱ्या लष्करी डेटा-जाळ्यात प्रत्येक शब्द ७५ बिटांच्या ठरलेल्या मापाचा असतो, त्यांतील ७० बिट माहितीचे, म्हणून फील्ड, म्हणजे माहितीचा एकेक घटक, कोठे सापडेल हे आधीच सांगता येते. व्हीएमएफमध्ये प्रत्येक फील्डची जागा त्याच्या आधी काय आले यावर ठरते, आणि एक बिट चुकला की पुढचा सगळा संदेश निरर्थक होतो.

पार्सर, म्हणजे संदेशातील बिट वाचून त्यांचा अर्थ लावणारा प्रोग्राम, लिहिताना प्रथम बिट वाचणारे एक लहान फंक्शन लिहावे आणि बाकी सर्व काम त्याच्यामार्फतच करावे. फील्डचा सर्वांत कमी किमतीचा बिट आधी येतो, हे येथे पक्के करावे. चार बिटांतील २ हा आकडा ०, १, ०, ० या क्रमाने येतो, आणि उलट क्रमाने वाचणाऱ्याला तो ४ दिसतो.

त्यानंतर हेडर, म्हणजे संदेशाच्या सुरुवातीचा ओळख सांगणारा भाग, घ्यावे, जे मिल-एसटीडी-२०४५-४७००१ या वेगळ्या मानकात येते. त्याचे पहिले चार बिट आवृत्ती सांगतात आणि पुढची रचना आवृत्तीनुसार बदलते, म्हणून आवृत्ती न तपासता पुढे जाऊ नये. पाठवणाऱ्याची ओळख बहुधा २४ बिटांच्या यूआरएनने (युनिटच्या ओळख-क्रमांकाने) दिलेली असते. त्याऐवजी नाव असेल तर ते सात-बिटी अक्षरांत येते आणि कमाल लांबीपेक्षा लहान असल्यास १२७ या मूल्याने संपते; नाव पूर्ण लांबीचे असेल तर हे समाप्तिचिन्ह येत नाही, आणि नेमके हेच पुष्कळ पार्सर विसरतात. संदेशाचा प्रकार कार्यक्षेत्र आणि क्रमांक या दोन फील्डांतून कळतो : ५ आणि १ म्हणजे के०५.१, अर्थात स्थान-अहवाल. हेडरच्या शेवटी बाइट पूर्ण करण्यासाठी भरलेले शून्य-बिट सोडून द्यावेत.

मुख्य मजकुरात ऐच्छिक फील्डच्या आधी एफपीआय आणि ऐच्छिक गटाच्या आधी जीपीआय हा एकेक बिट असतो; ते फील्ड किंवा तो गट संदेशात आहे (१) की नाही (०) हे तो सांगतो. जीपीआय शून्य असेल तर त्या गटातील फील्डच नव्हे, तर त्यांचे एफपीआयसुद्धा संदेशात नसतात. म्हणून गट वाचण्याचे काम एका सलग यादीने न करता एकात एक बसवलेल्या फंक्शनांनी करावे. एफपीआय शून्य असलेल्या फील्डला ० हे मूल्य देणे तर धोक्याचेच, कारण उंची ० असणे आणि उंची कळवलेलीच नसणे यांत तोफखान्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. अशा फील्डसाठी ‘अनुपस्थित’ अशी स्वतंत्र स्थिती ठेवावी.

चाचणीसाठी स्वतःच्याच एन्कोडरने (संदेश तयार करणाऱ्या प्रोग्रामने) बनवलेले संदेश पुरेसे नाहीत. बिटांचा क्रम दोन्हीकडे सारखाच चुकला असेल तर ती चाचणी बिनबोभाट उत्तीर्ण होते, म्हणून दुसऱ्या कोणी तयार केलेल्या प्रणालीचे, ज्यांचा अर्थ आधीच ठाऊक आहे असे संदेश मिळवून त्यांचा एकेक बाइट ताडून पाहावा.