इंजिन फिरतं, पण धरत नाही: पद्मिनी-अ‍ॅम्बॅसॅडरवर हात बसवणाऱ्यांसाठी

बडोद्यातल्या तरसाळी किंवा गोरव्याच्या आयटीआयमधून निघालेल्या मुलांचा हात स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या यंत्रावर) बसलेला असतो. पद्मिनीला किंवा कार्ब्युरेटरवाल्या अ‍ॅम्बॅसॅडरला स्कॅनर लावायला जागाच नाही. टेस्ट लॅम्प, मल्टीमीटर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि तपासण्याचा क्रम, यावरच भागवायचं. क्रम सोडला की माणूस कार्ब्युरेटर खोलत बसतो आणि बिघाड निघतो पॉइंटमध्ये, म्हणजे स्पार्कसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमध्ये.

इंजिन फिरतच नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ (स्टार्टर) मारा. दिवे विझले तर बॅटरी किंवा टर्मिनल, लख्ख राहिले तर सोलेनॉइड (सेल्फला करंट देणारा स्विच) किंवा की-स्विच. चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असते. सेल्फ मारताना 9.6च्या खाली जायला नको. बॅटरी ठीक असून सेल्फ रडतोय? मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थवाल्या खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरी इंजिन ब्लॉकवर धरा. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचे जोड खराब. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे पट्टी तुटली की करंट चोकच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापली तर आणखी पुरावा शोधू नका.

इंजिन फिरत असेल तर आधी स्पार्क बघा. कुठे पेट्रोल गळत नाही ना, हे पाहूनच. कॉइलची (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) मधली वायर डेलकोच्या (डिस्ट्रिब्यूटर, प्रत्येक प्लगला करंट वाटणारा भाग) टोपीतून काढा, इन्सुलेटेड पक्कडीने ब्लॉकपासून 5-6 मिलिमीटरवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळा, तडतडणारा स्पार्क आला तर कॉइल-पॉइंट चालू. मग दोष टोपी, रोटर किंवा प्लगच्या वायरींत. बडोद्याच्या पावसाळ्यात हे फार होतं: टोपीत दमट हवा साचते, आतल्या बारीक काळ्या रेषेवरून करंट पळतो. पुसून वाळवल्यावर गाडी सुरू होईलही, पण रेष दिसली तर टोपी बदलाच.

स्पार्क नाही, किंवा पिवळट आणि मरतुकडा आहे? टेस्ट लॅम्प कॉइलच्या डेलकोकडच्या टर्मिनलला आणि अर्थला लावा. इंजिन फिरताना लॅम्प लुकलुकायला हवा. सतत पेटला तर पॉइंट टेकत नाहीत किंवा त्यांवर तेल-काजळी आहे. पेटलाच नाही तर पॉइंट उघडत नाहीत, त्यांची वायर कुठे बॉडीला टेकली आहे, किंवा कॉइलपर्यंत करंटच येत नाही. पॉइंटची टाच कॅमच्या टोकावर आणून गॅप साधारण 0.4 मिलिमीटर ठेवा, प्लगची 0.6. पॉलिश पेपर फिरवल्यावर कार्बन क्लीनरने पुसा, नाहीतर कणच आड येतात.

पॉइंटवर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ दिसलं तर कंडेन्सरवर (पॉइंटवर उडणारी ठिणगी दाबणारा भाग) संशय घ्या. गाडी थंड असताना सुरू होते, तापली की मरते, यामागेही बहुतेकदा तोच असतो. नवा कंडेन्सर चांगलाच निघेल असं मात्र धरू नका. चालणारा जुना टाकून देऊ नये. पॉइंट मिटलेले असताना किल्लीही चालू ठेवू नका. कॉइलचं प्रायमरी वेटोळं तीनेक ओहमचं, म्हणजे चारेक अँपिअर सतत वाहतो आणि कॉइल भाजते.

स्पार्क ठणठणीत असेल तरच पेट्रोलकडे वळा. प्लग ओले निघाले तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, पंप न करता, दहा सेकंदांपर्यंत सेल्फ मारा. मग अर्धा-एक मिनिट थांबा. मे महिन्यात गरम गाडी थांबवून पुन्हा सुरू होत नसेल तर पंपात वाफ अडकलेली असते. इंजिनला चिकटलेल्या पंपावर ओलं फडकं टाकून पाच-दहा मिनिटं थांबा.