अजिंक्यतारा चढून आल्यावर काट्याचं ऐकू नका

पहाटे साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला चढून-उतरून घरी आलं की वजनकाटा किलोभर कमी दाखवतो. ती चरबी नव्हे, घाम आहे. एक लिटर घाम म्हणजे एक किलो. पाणी प्यायलात की परत येणार. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, तेवढ्या एका चढाईत जळत नाहीत.

उलटंही होतं, आणि लोक घाबरतात ते याला. यवतेश्वरचा घाट पहिल्यांदाच पळून काढला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वजन वाढलेलं दिसतं. उतारावर मांड्यांवर जास्त ताण येतो, स्नायूंना सूक्ष्म इजा होते आणि तिथे पाणी साठतं. शिवाय स्नायू ग्लायकोजेन (साठवलेली साखर) भरून घेतात. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी येतं. वरून मिसळ हाणली असेल तर मिठानेही पाणी धरलेलं असतं (मिसळ सोडा असं नाही!). दुखणं ओसरलं की हेही उतरतं.

वजन करायचं ते सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी, काटा कडक फरशीवर ठेवून. सात दिवसांची सरासरी काढा आणि ती मागच्या आठवड्याशी ताडून पाहा.

पळण्याआधी आणि नंतरचं वजन मात्र एका कामाचं: जितकं घटलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या काही तासांत थोडं थोडं प्या. लांब पळून वजन वाढलंच असेल तर पाणी जास्त झालंय. सोबत डोकेदुखी, मळमळ किंवा गोंधळल्यासारखं वाटत असेल तर लगेच डॉक्टर गाठा.