के-एन ने सुरू होणारे शब्द एकत्रच पाठ करा
मुलांना स्पेलिंग लक्षात राहत नसेल तर शब्द सुटे सुटे देऊ नका, सारख्या अक्षरांचे एकदम द्या. आमच्या हर्णै बंदरावर भाचीला के-एन वाले असेच शिकवले, समोर आजोबा जाळं सांधत बसलेले, त्यांनी गाठ मारली की नॉट, विणणं म्हणजे निट, दोरा कापायची सुरी नाईफ, गुडघा नी, बोटाचा सांधा नकल. घरी आई भाकरीचं पीठ मळत होती, ते नीड (गरज वाल्या नीडला के नसतो आणि डबल ई असतो, हे लिहूनच दाखवा).

हा के जुन्या इंग्लिशमध्ये खरंच बोलायचे, नंतर उच्चार गेला पण स्पेलिंग तसंच राहिलं, म्हणून पाठ करताना मुलांना बिनधास्त क्नॉट, क्नाईफ म्हणू द्या, के विसरणारच नाहीत.

आणि बोटीचा स्पीड नॉटमध्ये का? पूर्वी खलाशी गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडायचे आणि ठरलेल्या वेळात हातातून किती गाठी गेल्या ते मोजायचे. 1 नॉट म्हणजे ताशी 1.852 किमी.