संगणक एक आणि मुलं वर्गभर? कोडिंग आधी फरशीवर शिकवा

तिसरी-चौथीच्या वर्गात एकच संगणक असला की दोघं माउस धरतात, बाकीची नुसती बघतात. त्यासाठी पहिले काही तास व्हरांड्यातच घ्या.

१. खडूने ५ बाय ५ चौकटी आखा. एका कोपऱ्यात सुरुवात, दुसरीकडे चेंडू, मध्ये दोन-तीन दप्तरांचे अडथळे.
२. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची कार्डं करा: ‘एक घर पुढे’, ‘उजवीकडे वळ’, ‘डावीकडे वळ’.
३. एक मूल रोबो. त्याला चेंडूपर्यंत नेण्यासाठी गटाने कार्डं ओळीने मांडायची, एकाने वाचायची, रोबोने तेवढंच करायचं. मध्ये कुणी खुणावायचं नाही!
४. रोबो दप्तराला धडकला तर कार्डांची सगळी मांडणी मोडू देऊ नका. चुकलेलं कार्ड शोधून तेवढंच बदलायचं. खरं शिक्षण इथेच होतं, त्यामुळे घाई नको, उत्तरही सांगू नका.
५. जमलं की ‘३ वेळा कर’ हे कार्ड द्या.

मग संगणकावर स्क्रॅच उघडा, म्हणजे सूचनांचे ठोकळे (ब्लॉक) जोडून कोडिंग करायचं मुलांचं सॉफ्टवेअर. ते मोफत आहे, डाउनलोड केलं की इंटरनेटशिवायही चालतं.

एक काळजी घ्या: ‘वळ’ म्हणजे जागच्या जागी वळणं, आणि उजवी बाजू रोबोची, बघणाऱ्याची नव्हे. स्क्रॅचमध्ये वळण्याच्या ब्लॉकवर आधीपासून १५ अंश असतात, तिथे ९० लिहायला सांगा.