मालवणात मित्रमंडळींसह जेवायला जाताना

मालवण, तारकर्ली आणि देवबाग या पट्ट्यात आठ-दहा जणांचे मित्रमंडळ जेवायला निघाले की बहुतेक वेळा सगळे उलट्या क्रमाने होते. आधी समुद्र दिसणारे टेबल शोधले जाते, मग मेनूकार्ड उघडले जाते, आणि सर्वांत शेवटी, पोटात कावळे ओरडू लागल्यावर, आज कोणती मासळी आहे याची चौकशी होते. तोपर्यंत चांगली मासळी संपलेली असते. या भागात नीट जेवायचे असेल तर क्रम फिरवावा: आधी मासळी, मग स्वयंपाकघर आणि शेवटी टेबल. समुद्राचे दृश्य आणि उत्तम जेवण एकाच ठिकाणी मिळाले तर आनंदच आहे, पण तसा हट्ट धरू नये. किनाऱ्यालगतच्या जागेचे भाडे बिलात उतरते. हाताला चव असलेली खाणावळ मात्र अनेकदा बाजारातल्या गल्लीत किंवा वाडीतल्या घराच्या पडवीत असते.

दृश्याची हौस संध्याकाळी वेगळी भागवावी. सूर्य समुद्रात बुडतो त्या वेळी बहुतेक स्वयंपाकघरांत रात्रीच्या जेवणाची तयारी नुकती सुरू झालेली असते. त्यामुळे किनाऱ्यावर चहा आणि कांदाभजी घ्यावी, काळोख पडेपर्यंत निवांत बसावे आणि जेवायला आठच्या सुमारास दुसरीकडे जावे. हातात थोडा वेळ असेल तर त्याआधी मालवणच्या किनाऱ्यावर होणारा मासळीचा लिलाव अवश्य पाहावा. होड्या लागल्या की वाळूवरच ढीग मांडले जातात, बोली भराभर चढते आणि काही मिनिटांत ढीग टोपल्यांत भरून निघून जातो. तेथे कशाचे ढीग मोठे आहेत आणि कशासाठी ओढाताण चालली आहे हे पाहिले, तर रात्री काय मागवावे आणि काय टाळावे हे कोणाला विचारावे लागत नाही.

सकाळचा फोन

दहा जणांसाठी जेवण सांगायचे असेल तर सकाळी दहाच्या आत फोन करावा. घरगुती खाणावळीत मासळी माणसे मोजून आणली जाते. दुपारी एक वाजता अचानक दहा जण दारात उभे राहिले तर खाणावळ चालवणाऱ्या बाईंची पंचाईत होते आणि आपल्या वाट्याला उरलेसुरले येते. फोनवर ‘तुमच्याकडे काय काय मिळते?’ असे विचारले तर पाठ असलेली यादी ऐकायला मिळते. त्याऐवजी ‘वहिनी, आज बाजारात काय आले आहे, आणि आमच्यासाठी तुम्ही काय घ्याल?’ असे विचारावे. उत्तरात एखाद-दुसऱ्या माशाचे नाव जरा जोर देऊन येते, आणि तेच सांगावे. सुरमई आणि पापलेट यांच्यापलीकडे न पाहणाऱ्या मंडळींना या किनाऱ्याची खरी चव कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ताजा बांगडा हा शिळ्या सुरमईपेक्षा केव्हाही सरस असतो आणि खिशालाही परवडतो. मुडदुशी हा मासा मिळत असेल तर तो पहिल्यांदा सांगावा, कारण त्याचे मांस गोडसर आणि नाजूक असते.

त्याच फोनमध्ये आणखी तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात. एक, मंडळींत शाकाहारी किती आहेत. दोन, कोणाला कोळंबी, खेकडे किंवा तिसऱ्या (शिंपले) यांची ॲलर्जी आहे का. कारण एकाच तेलात आणि एकाच तव्यावर सगळे तळले जाते, आणि ‘मी फक्त बांगडा खाईन’ एवढ्याने तो माणूस सुरक्षित राहत नाही. तीन, जेवणाची नेमकी वेळ. तारकर्लीला पाण्यातले खेळ किंवा स्नॉर्केलिंग करायचे असेल तर ते आधी उरकून मग जेवायला बसावे. भरल्या पोटी लाटांवर हेलकावे खाण्यात काही मजा नाही. परंतु समुद्रावर तासभर कसा निघून जातो ते कळत नाही, म्हणून दिलेल्या वेळेत अर्धा तास जास्त धरावा आणि तरीही उशीर होणार असेल तर कळवावे. दुपारी तीननंतर बऱ्याच खाणावळींत चूल बंद झालेली असते.

दिवसाची निवडही महत्त्वाची आहे. सोमवारी, संकष्टीला आणि एकादशीला अनेक स्थानिक माणसे मासे खात नाहीत, श्रावणात तर बरीच घरे महिनाभर वर्ज्य करतात. त्यामुळे अशा दिवशी मागणी कमी आणि निवडही कमी असते. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी याच्या उलट स्थिती असते. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेच्या आसपास आधी सांगून ठेवल्याशिवाय या भागात येऊ नये. गणपतीत पुष्कळ लहान खाणावळी बंद असतात, कारण चालवणाऱ्यांच्याच घरी पाहुणे आलेले असतात.

पावसाळ्याचे गणित वेगळे आहे. साधारणतः १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रातील मासेमारीची बंदी असते. त्या काळात एखाद्या ठिकाणी ‘ताजी सुरमई’ मिळत असेल तर ती बहुधा बर्फातली असते. या दिवसांत खाडीतले शेवटे नावाचे मासे, कोळंबी आणि खेकडे यांची चौकशी करावी, आणि सुक्या मासळीकडे नाक मुरडू नये. बाहेर पाऊस कोसळत असताना सुक्या सुंगटांची (कोळंबीची) ओले खोबरे घातलेली किसमूर आणि गरम पेज हे जेवण मेनूकार्डावर सहसा छापलेले नसते, पण आदल्या दिवशी सांगितले तर आनंदाने करून दिले जाते. खेकड्यांबाबत येथील लोक तिथी पाहतात: अमावास्येच्या सुमाराचे खेकडे भरलेले आणि पौर्णिमेच्या सुमाराचे पोकळ, असा समज आहे. मागवण्यापूर्वी खाणावळीत विचारावे. ‘आज नको’ असे उत्तर मिळाले तर तो प्रामाणिक सल्ला समजावा.

ताटावर बसल्यावर

मोठ्या रेस्टॉरंटमध्ये शिजवण्यापूर्वी मासा दाखवा म्हणावे. यात संकोचण्यासारखे काही नाही; चांगल्या ठिकाणी ताटात मांडूनच आणतात. डोळे पाणीदार आणि फुगीर असावेत, कल्ले लाल असावेत, बोटाने दाबलेले मांस लगेच वर यावे, आणि वास समुद्राचा यावा, अमोनियासारखा नव्हे. बांगड्याबाबत विशेष दक्षता घ्यावी. हा मासा उन्हात किंवा बर्फाविना पडून राहिला की त्यात हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवल्याने किंवा तळल्याने नष्ट होत नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, अंगाला खाज सुटणे, डोके दुखणे अशी लक्षणे दिसतात. जिभेला मिरीसारखी चुणचुण जाणवली तर तो तुकडा तसाच बाजूला ठेवावा.

ती चुणचुण तिरफळ या मसाल्याच्या फळाची नाही ना, हे मात्र आधी पाहून घ्यावे. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, तिरफळे अख्खी टाकलेली असतात. ती चावायची नसतात. पहिल्यांदाच आलेल्या मित्राला हे कोणीतरी सांगावे, अन्यथा पुढची पाच मिनिटे त्याची जीभ बधिर होते आणि बाकीचे हसत बसतात. काट्यांची सवय नसलेल्यांना सुरमईची तुकडी, कोळंबी किंवा मोरी (लहान शार्क) द्यावी. मोरीला बारीक काटे नसतातच. पेडवे हे काटेरी लहान मासे मात्र सवयीच्या माणसांसाठीच ठेवावेत.

थाळी घ्यावी की सुटे पदार्थ, हा वाद प्रत्येक मंडळीत होतो. माझ्या मते दोन्हींचा मेळ घालावा. दहा जणांत सहा-सात थाळ्या वेगवेगळ्या माशांच्या सांगाव्यात, आणि उरलेल्यांसाठी भाकरी, भात आणि मधोमध ठेवण्याचे सुटे पदार्थ मागवावेत: तिसऱ्यांचे सुके, कोळंबीचे सुके, खेकड्यांचे कालवण. मात्र थाळीत काय पुन्हा वाढले जाते आणि कशाचे वेगळे पैसे लागतात हे बसतानाच विचारावे, आणि थाळ्या कमी घ्यायच्या असतील तर तेही आधी सांगावे. काही ठिकाणी रस्सा आणि भात हवा तितका मिळतो, काही ठिकाणी सोलकढीच्या दुसऱ्या वाटीचेही पैसे लागतात. दोन्ही पद्धती योग्यच आहेत, फक्त त्या बिल आल्यावर कळू नयेत.

तळलेली मासळी एकदम मागवू नये, ही गोष्ट फार थोडे लोक पाळतात. घरगुती खाणावळीच्या तव्यावर एका वेळी पाच-सहा तुकड्या बसतात. मसाला लावलेली तुकडी रव्यात घोळवून तव्यावर टाकली की कडेचे तेल आधी जोरात तडतडते, मग आवाज हळूहळू मंदावतो, आणि तो मंदावल्यावरच बाई ती उलटतात. घाई केली तर रव्याचा पापुद्रा तव्यालाच चिकटून राहतो. दहा तुकड्या एकत्र मागितल्या की पहिल्या पाच झाकून ठेवाव्या लागतात, वाफेने त्यांचा कुरकुरीतपणा जातो आणि सर्वांनाच मऊ पडलेला मासा मिळतो. म्हणून निम्म्या जणांनी आधी रस्सा-भाकरीने सुरुवात करावी आणि तळलेले दोन फेऱ्यांत घ्यावे. मैत्रीत इतका धीर धरता यायला हरकत नाही.

सोलकढी सुरुवातीलाच संपवू नये. ती भातावर घ्यावी किंवा शेवटी प्यावी. ताजी सोलकढी फिकट गुलाबी असते, थोडा वेळ ठेवली की नारळाचे दूध वर येऊ लागते, आणि तिच्यात लसूण व हिरवी मिरची यांचा हलका झणका असतो. भडक रंगाची, पाण्यासारखी पातळ आणि ठेवूनही जशीच्या तशी राहणारी सोलकढी दिसली तर साधे ताक मागवावे.

शाकाहारी मित्राला ‘तू डाळ-भात घे’ असे सांगून मोकळे होणे ही मालवणी स्वयंपाकाची चक्क बदनामी आहे. काळ्या वाटाण्याचे सांबार आणि वडे, फणसाची भाजी, आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास मिळणाऱ्या ओल्या काजूगरांची उसळ हे पदार्थ असे आहेत की मासे खाणारेही त्याच्या ताटात हात घालतात. ओले काजूगर सोलण्याचे काम किचकट असते आणि चीक हाताला लागतो, त्यामुळे ही उसळ महाग असते आणि आदल्या दिवशी सांगावी लागते. तवा आणि तेल वेगळे हवे असेल तर तेही तेव्हाच सांगावे.

मद्यपान करणाऱ्यांनी घरगुती खाणावळीत बाटली काढू नये; तेथे मुले अभ्यास करत असतात आणि शेजारच्या खोलीत आजी झोपलेली असते. ज्यांना प्यायचे आहे त्यांनी परवाना असलेल्या ठिकाणी बसावे, आणि गाडी चालवणाऱ्याने एक थेंबही घेऊ नये. देवबागकडे जाणारा रस्ता अरुंद आहे, एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेली ती चिंचोळी पट्टी आहे, आणि रात्री समोरून गाडी आली की कोणीतरी मागे घेण्याची वेळ येते.

बिल

शेवंड (लॉबस्टर), मोठे पापलेट आणि मोठे खेकडे यांचा दर मेनूकार्डावर बहुधा छापलेला नसतो. तेथे ‘आकारानुसार’ असे लिहिलेले असते. असा पदार्थ सांगण्यापूर्वी वजन आणि रक्कम दोन्ही विचारून घ्यावी, आणि तो ज्यांनी मागवला त्यांनीच त्याचे पैसे द्यावेत. बाकीचे बिल सरसकट समान वाटावे. कोणी एक भाकरी जास्त खाल्ली याचा हिशेब करणाऱ्या मंडळींनी एकत्र जेवायला जाऊच नये. मद्याचे बिल मात्र वेगळे करावे आणि न पिणाऱ्यांवर ते लादू नये.

साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी असतो. कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या, लहान व्यावसायिकाला तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही, म्हणून बिलावरचा मजकूर वाचावा. सेवाशुल्क आपोआप बिलात जोडता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना योग्य ठरवल्या. ते जोडलेले दिसले तर काढून टाकण्यास शांतपणे सांगावे. तरीही काढले नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वाढणाऱ्या मुलाला बक्षिसी द्यायची असेल तर थेट त्याच्या हातात द्यावी. खाडीकाठच्या वाड्यांत मोबाइलची रेंज कधीही दगा देते, म्हणून एकाने तरी पुरेशी रोकड जवळ ठेवावी आणि सर्वांचे पैसे देऊन टाकावेत. आपसांतले व्यवहार मालवण शहरात परतल्यावर फोनवरून पूर्ण करता येतात.

उरलेली तळलेली मासळी बांधून घेऊन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. त्यापेक्षा कमी मागवावे. हात धुऊन उठण्यापूर्वी दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीचे तेवढे सांगून ठेवावे. घावण्यांसाठी तांदूळ रात्री भिजत घालावे लागतात आणि आंबोळीचे पीठ तर रात्रभर आंबावे लागते. सकाळी आठ वाजता सांगणाऱ्यांना खाणावळीत पाव आणि ऑम्लेटच मिळते.