अमेरिकेत गाड्या अडवताना होणारे वांशिक प्रोफायलिंग आपल्या शहरात कसे रोखावे

अमेरिकेत पोलीस आणि सामान्य नागरिक यांची गाठ सर्वाधिक वेळा पडते ती रस्त्यावर गाडी अडवली जाते तेव्हा. वर्षाला दोन कोटींच्या आसपास वाहनचालक असे थांबवले जातात आणि त्यांतल्या कोणाला थांबवायचे हे बहुतेक वेळा गस्तीवरचा एखादा अधिकारी काही क्षणांत ठरवतो. मागचा दिवा बंद असणे, नोंदणीची मुदत उलटलेली असणे, मार्गिका बदलताना इंडिकेटर न देणे, आरशाला काहीतरी लटकवलेले असणे ही कारणे इतकी सर्वसाधारण आहेत की कोणत्याही गाडीचा थोडा वेळ पाठलाग केला तर त्यांतले एखादे हाती लागतेच. त्यामुळे नियम मोडला गेला का, या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. नियम मोडणाऱ्या असंख्य गाड्यांतून नेमकी कोणती निवडली जाते, हे पाहावे लागते, कारण वर्ण पाहून संशय घेण्याची वृत्ती, म्हणजेच वांशिक प्रोफायलिंग, याच निवडीत शिरते. अधिकाऱ्याने खिडकीशी येऊन कितीही सौजन्याने बोलले तरी ती निवड तोवर होऊन गेलेली असते. म्हणून या कामात मुख्य भर गाडी अडवण्यापूर्वीच्या निर्णयावर द्यावा. पुढील मार्गदर्शन आपल्या शहरात किंवा काउंटीत (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात) हा विषय हाती घेऊ इच्छिणाऱ्या रहिवाशांसाठी, सिटी कौन्सिलच्या सदस्यांसाठी आणि सुधारणा मनापासून करू पाहणाऱ्या पोलीसप्रमुखांसाठी आहे.

कायदा कुठवर साथ देतो

प्रथम हे मान्य करावे लागते की एकट्या चालकाला न्यायालयात दाद मिळणे अवघड आहे. १९९६ साली ‘रेन विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असा निर्णय दिला की वाहतुकीचा नियम मोडल्याचे सबळ कारण असेल, तर अधिकाऱ्याच्या मनातला खरा हेतू काय होता याची चौकशी अवाजवी झडती आणि अटकेपासून संरक्षण देणाऱ्या राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीखाली करता येत नाही. वंशावरून निवड झाल्याची तक्रार चौदाव्या दुरुस्तीतील समान संरक्षणाच्या तत्त्वावर करावी, असे न्यायालयाने सांगितले. मात्र त्यासाठी भेदभावाचा हेतू सिद्ध करावा लागतो आणि एका रात्रीच्या एका प्रसंगावरून तो सिद्ध करणे जवळपास अशक्य असते.

अनेक प्रसंग एकत्र मांडले की चित्र पालटते. त्याच वर्षी न्यू जर्सीतील एका न्यायालयाने तेथील टर्नपाइकवर (पथकर आकारणाऱ्या महामार्गावर) कृष्णवर्णीय चालकांना लक्ष्य केले जात असल्याचा निष्कर्ष आकडेवारीच्या आधारे काढला, आणि १९९९ मध्ये राज्याच्या पोलीस दलाला केंद्रीय न्याय खात्याशी झालेल्या तडजोडीनुसार न्यायालयाच्या देखरेखीखाली सुधारणा स्वीकाराव्या लागल्या. २०१३ मध्ये ॲरिझोनातील मॅरिकोपा काउंटीच्या शेरीफ कार्यालयाविरुद्ध (काउंटीच्या पोलीस दलाविरुद्ध) लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, रहिवाशांनी लावलेल्या दाव्याचा निकालही त्यांच्या बाजूने लागला. या दोन्ही ठिकाणी व्यक्तिगत अनुभवांना नोंदींचे पाठबळ मिळाले होते. तेव्हा पहिले पाऊल नोंदींचे.

नोंद कशाची मागावी

गाड्या अडवल्याची माहिती गोळा करणे कायद्याने बंधनकारक करणारे पहिले राज्य नॉर्थ कॅरोलायना होते, १९९९ साली. कॅलिफोर्नियाने २०१५ च्या कायद्याने याहून बराच तपशीलवार नमुना घालून दिला. आपल्या राज्यात असा कायदा असेल तर ती माहिती सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली लेखी अर्ज करून मिळवावी. नसेल तर सिटी कौन्सिलने स्वतःच्या पोलीस दलासाठी तसा नियम करावा.

प्रत्येक थांबवण्यामागे दिनांक, वेळ, ठिकाण, अडवण्याचे मूळ कारण, चालकाचा अधिकाऱ्याला जाणवलेला वंश, झडती झाली का, कोणत्या आधारावर झाली, काय सापडले, थांबा किती मिनिटे चालला आणि शेवट ताकिदीत, दंडाच्या पावतीत की अटकेत झाला, एवढे रकाने हवेतच. शिवाय अधिकाऱ्याची ओळख पटवणारा क्रमांक हवा, मग तो जाहीर करताना बदललेला असला तरी चालेल. ज्या थांब्यांचा शेवट नुसत्या ताकिदीत होतो किंवा काहीच न घडता होतो, तेही नोंदवले गेले पाहिजेत. पोलीस दले नेमक्या याच नोंदी गाळू पाहतात, पण निष्कारण अडवणुकीचा माग त्यांतूनच लागतो.

वंश चालकाला विचारून लिहावा की अधिकाऱ्याला दिसला तसा लिहावा, यावर वाद होतात. मला दुसरा मार्ग योग्य वाटतो, कारण पूर्वग्रह दिसण्यावर चालतो, जनगणनेच्या अर्जावर नव्हे. मात्र त्यातही पळवाट असते. टेक्सासमध्ये राज्याच्या महामार्ग पोलिसांनी अनेक हिस्पॅनिक चालकांची नोंद श्वेतवर्णीय म्हणून केल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. कनेक्टिकटमध्ये २०२३ च्या लेखापरीक्षणात राज्य पोलिसांच्या दंडपावत्यांच्या हजारो नोंदींचा न्यायालयीन नोंदींशी मेळ बसला नाही आणि अशा नोंदींत श्वेतवर्णीय चालकांचे प्रमाण जास्त निघाले. पुढील चौकशीत त्यांतला मोठा भाग निष्काळजीपणाचा ठरला, तरी अशा आकड्यांवर काढलेले निष्कर्ष कोसळतातच. म्हणून नियमातच अशी तरतूद असावी की बाहेरच्या संस्थेने दरवर्षी काही नोंदी यादृच्छिक पद्धतीने निवडून त्या बॉडी कॅमेऱ्याचे चित्रीकरण आणि न्यायालयातील पावत्या यांच्याशी ताडून पाहाव्यात.

आकडे वाचताना

शहरात कृष्णवर्णीय लोक तीस टक्के असताना अडवलेल्या चालकांत ते पन्नास टक्के आहेत, एवढ्यावर थांबू नये. रस्त्यावर गाडी चालवणारे लोक आणि शहरात राहणारे लोक सारखे नसतात, बाहेरगावची वाहतूकही असते, आणि पोलीसप्रमुखांचा पहिला आक्षेप हाच असतो. त्याला उत्तर देण्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत काळोखाची. संध्याकाळी सात वाजता उन्हाळ्यात उजेड असतो आणि हिवाळ्यात अंधार. घड्याळातली वेळ तीच असल्यामुळे रस्त्यावरचे लोकही साधारण तेच असतात. अंधारात चालकाचा वर्ण दुरून दिसत नाही. तेव्हा उजेडात अडवलेल्यांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण अंधारातल्यापेक्षा जास्त निघत असेल, तर निवडीवर वर्णाचा प्रभाव आहे असे मानायला सबळ आधार मिळतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी देशभरातील सुमारे दहा कोटी थांब्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला, त्यात काळोख पडल्यावर हे प्रमाण घटल्याचे दिसले. पथदिव्यांनी उजळलेल्या शहरात ही चाचणी थोडी बोथट होते, हे अहवालात मोकळेपणाने लिहावे.

दुसरी पद्धत झडतीच्या फळाची. एखाद्या गटाच्या गाड्या अधिक वेळा झडतल्या जात असतील आणि त्यांत बेकायदा वस्तू मात्र कमी वेळा सापडत असतील, तर त्या गटाची झडती कमी पुराव्यावर घेतली जात असण्याची शक्यता बळावते. मिझुरीतील फर्ग्युसनबद्दल न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये दिलेला अहवाल याचे ठळक उदाहरण आहे. तेथे कृष्णवर्णीय लोकसंख्या ६७ टक्के होती, पण अडवलेल्या चालकांत त्यांचे प्रमाण ८५ टक्के होते. त्यांच्या गाड्यांची झडती श्वेतवर्णीयांच्या दुप्पटीहून अधिक वेळा होत असे, तरी बेकायदा वस्तू सापडण्याचे प्रमाण त्यांच्याकडे २६ टक्क्यांनी कमी होते. त्याच अहवालाने हेही दाखवले की शहराच्या तिजोरीसाठी दंड गोळा करण्याचा दबाव पोलिसांवर होता. आपल्या शहराचे अंदाजपत्रक काढून दंडाच्या उत्पन्नाची अपेक्षा दरवर्षी वाढवली जाते का, हे पाहायला विसरू नये.

आकडे कारणांनुसार वेगळे करावेत. अतिवेग आणि लाल दिवा ओलांडणे एकीकडे, आणि दिवा, काच, नोंदणी, लटकन यांसारखी कारणे दुसरीकडे. तफावत दुसऱ्या गटात जास्त निघाली, तर पुढे काय करायचे हे जवळजवळ ठरते.

अडवण्याची कारणे कमी करणे

माझ्या मते सर्वात परिणामकारक उपाय हाच आहे. नॉर्थ कॅरोलायनातील फेएटव्हिल शहराच्या पोलिसांनी २०१३ ते २०१६ या काळात कागदपत्रे आणि किरकोळ दोष यांसाठी गाड्या अडवण्याऐवजी अतिवेग, नशेत गाडी चालवणे, सिग्नल मोडणे अशा धोक्याच्या उल्लंघनांवर भर दिला. नंतरच्या अभ्यासात वांशिक तफावत कमी झाल्याचे आणि अपघाती मृत्यूही घटल्याचे आढळले. व्हर्जिनियाने मार्च २०२१ पासून राज्यभर काही किरकोळ कारणांसाठी गाडी अडवण्यास मनाई केली. फिलाडेल्फियाच्या कौन्सिलने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या नियमाने आठ किरकोळ उल्लंघने दुय्यम ठरवली, म्हणजे ती अजूनही दंडनीय आहेत, पण केवळ त्यांच्यासाठी गाडी थांबवता येत नाही. तसा मसुदा करताना दंडाची सूचना टपालाने पाठवण्याची सोय ठेवली, तर कायदा मोडीत काढल्याचा आक्षेप बराचसा गळून पडतो.

विरोधक म्हणतील की अशा थांब्यांतच बंदुका आणि अमली पदार्थ सापडतात. तेव्हा त्यांना आपल्या शहराचा आकडा विचारावा: किरकोळ कारणाच्या किती थांब्यांतून किती शस्त्रे मिळाली? नॅशव्हिलमध्ये २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात अशा थांब्यांचा गुन्हेगारीवर दीर्घकालीन परिणाम दिसला नाही.

बंदी घालण्याची राजकीय ताकद नसेल, तर निदान निर्णयात एक पायरी वाढवावी. कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या पोलिसांनी नोंदीच्या अर्जात एक प्रश्न जोडला: हा थांबा विशिष्ट गुन्ह्याशी जोडणाऱ्या आधीच्या माहितीवर आधारलेला आहे का? २०१७ मध्ये तेथे सुमारे ३२ हजार थांबे झाले होते. प्रश्न जोडल्यावर पुढच्या वर्षी ते १९ हजारांच्या आसपास आले आणि आफ्रिकन अमेरिकनांचे थांबे ४३ टक्क्यांनी घटले. लॉस एंजेलिसच्या पोलिसांना मार्च २०२२ पासून किरकोळ उल्लंघनाची सबब करून, खरे तर दुसऱ्याच संशयावरून थांबा का घेतला, हे बॉडी कॅमेऱ्यावर बोलून नोंदवावे लागते. कॅलिफोर्नियात २०२४ पासून प्रश्न विचारण्याआधी अडवण्याचे कारण सांगणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे, त्यामुळे ‘का थांबवले ते ठाऊक आहे का?’ या जुन्या सुरुवातीला तेथे जागा उरलेली नाही.

संमतीने घेतलेल्या झडतीसाठी वेगळा नियम हवा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या एका निकालानुसार नकाराचा हक्क चालकाला सांगण्याची सक्ती केंद्रीय कायद्यात नाही आणि रात्री दिव्यांच्या झोतात उभा असलेला माणूस क्वचितच नाही म्हणतो. नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम शहराने २०१४ पासून लेखी संमती आवश्यक केली. न्यू जर्सी आणि मिनेसोटा या राज्यांच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयांनी तर वाजवी संशयाशिवाय चालकाकडे संमती मागण्यासच बंदी केली आहे. लेखी अर्ज स्थानिक भाषांमध्ये उपलब्ध असावा.

पूर्वग्रहाविषयीच्या प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात सांगायचे तर ते द्यावे, पण त्यावर विसंबू नये. न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलात झालेल्या मूल्यमापनात अधिकाऱ्यांची जाण वाढली, परंतु रस्त्यावरील कारवाईतील वांशिक तफावतीवर परिणाम आढळला नाही. त्याऐवजी वरिष्ठांनी दरमहा प्रत्येक अधिकाऱ्याचे काही चित्रीकरण तक्रार नसतानाही पाहावे आणि बढतीच्या निकषांतून थांब्यांची संख्या काढून टाकावी.

आपणच अडवले गेलो तर

प्रतिबंधाची जबाबदारी चालकावर नाही, तरी त्याच्या वागण्यामुळे पुरावा टिकू शकतो. सुरक्षित जागी थांबावे, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत, परवाना, नोंदणी आणि विम्याचा कागद काढण्यापूर्वी तसे सांगावे. अधिकाऱ्याने खाली उतरायला सांगितले तर उतरावे लागते. झडतीला संमती विचारल्यास ‘माझी संमती नाही’ एवढेच स्पष्ट शब्दांत म्हणावे, अडथळा आणू नये. पावतीचे काम संपल्यावर ‘मी जाऊ शकतो का?’ असे विचारावे, कारण २०१५ च्या ‘रॉड्रिगेझ’ निकालानुसार वाजवी संशय नसताना अमली पदार्थ हुंगणाऱ्या कुत्र्याच्या तपासणीसाठी थांबा लांबवता येत नाही. सहप्रवाशाने चित्रीकरण करावे. वाद रस्त्यावर घालू नये.

घरी पोहोचताच वेळ, ठिकाण, अधिकाऱ्याचे नाव किंवा बिल्ला क्रमांक आणि झालेले संभाषण लिहून काढावे. बॉडी कॅमेऱ्याचे चित्रीकरण ठराविक मुदतीनंतर पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी लगेच पाठवावी आणि तक्रार नंतर सविस्तर करावी. तक्रार पोलीस दलाच्या अंतर्गत चौकशी शाखेकडे, नागरी देखरेख मंडळ असल्यास त्याच्याकडे, तसेच न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागाकडे करता येते. १९९४ च्या कायद्याने त्या विभागाला संपूर्ण दलाच्या कार्यपद्धतीची चौकशी करण्याचा अधिकार दिला आहे. भरपाईचा दावा करायचा असेल तर वकिलाला लवकर भेटावे, कारण मुदती राज्यागणिक वेगळ्या आणि काही ठिकाणी फारच कमी असतात.

शेवटी, पोलीसप्रमुखाच्या आदेशाने आणलेली सुधारणा पुढचा प्रमुख एका परिपत्रकाने मागे घेऊ शकतो, पण कौन्सिलने केलेला नियम बदलायला जाहीर मतदान लागते. म्हणून अहवाल कोणत्या महिन्यात प्रसिद्ध व्हावा, त्यात कोणते तक्ते असावेत, लेखापरीक्षण कोणी करावे आणि अहवाल वेळेत न आल्यास पोलीस खात्याचा कोणता निधी रोखून धरावा, हे चारही मुद्दे नियमाच्या मजकुरातच लिहून घ्यावेत.