सगळं माहितीये पण होत नाही? मग हे करून बघा

पहाटे उठावं, साखर कमी करावी, रोज थोडं वाचावं, पगारातले आधी बाजूला काढून मग खर्च करावा, झोपताना फोन बघू नये, हे आता कुणी कुणाला सांगायची गरज राहिलेली नाही, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगसोबत रोज हेच येतं. माहितीवाचून काही अडत नाही. अडतं ते संध्याकाळी सात वाजता, आपण घरी येतो, सोफ्यावर टेकतो, चहा येतो, फोन हातात येतो आणि मग डायरेक्ट जेवायलाच उठतो. त्यामुळे नवीन व्हिडिओ बघायच्या आधी, जे आधीच बघून झालंय त्यातलं एक तरी अंगवळणी कसं पाडायचं ते सांगतो.

इन्स्टाचं सेव्ह केलेलं उघडा किंवा यूट्यूबची वॉच लेटर यादी. त्यातून एकच गोष्ट निवडा, बाकीचं राहू द्या तिथेच, ते कुठे पळून जात नाही. निवडताना एक सोपी टेस्ट लावायची, ही गोष्ट करताना कुणी तुमचं शूटिंग केलं तर त्यात काही दिसेल का? "शिस्त लावणे", "पॉझिटिव्ह राहणे", "वेळेचं नियोजन" यातलं काहीच शूटिंगमध्ये दिसत नाही. "साडेदहाला फोन किचनमध्ये चार्जिंगला लावणे" दिसतं. दिसत नसेल तर ती अजून नुसती इच्छा आहे, तिला तासून तासून दिसेल अशी करायची.

मग तिला वेळ नाही, जागा जोडायची. म्हणजे काय, तर "रोज चालणार" असं नाही म्हणायचं आणि "सातला चालणार" हेही नाही, कारण सातला तुम्ही ट्रॅफिकमध्येही असू शकता. असं ठरवायचं की ऑफिसवरून आलो की बॅग चपलांच्या रॅकवर ठेवायची आणि घरात न शिरता तसंच खाली उतरून बिल्डिंगला तीन राउंड मारायचे. सगळा खेळ त्या दारापाशीच्या अर्ध्या मिनिटाचा आहे बघा, एकदा आत जाऊन हातपाय धुतले आणि घरचे कपडे घातले की परत बाहेर पडायला भलतीच इच्छाशक्ती लागते आणि दिवसभर काम करून ती उरलेली नसते. पीटर गोलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात याच विषयावर बराच अभ्यास केलाय, अमुक झालं की तमुक करायचं असं आधी ठरवून ठेवलेले लोक नुसतं मनाशी ठरवणाऱ्यांपेक्षा पुढे जातात असं त्यातून दिसलं.

या जर-तरचा दुसरा फायदा म्हणजे अडथळ्यांची सोय आधीच करता येते. पाऊस आला तर? आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा प्रश्न येणारच, तर मग पाऊस असेल तर जिन्याने दोनदा वर-खाली, संपला विषय. पाहुणे असतील तर एकच राउंड. हे आधीच कागदावर लिहून टाका, ऐनवेळी डोकं फक्त सुट्टी शोधतं.

वाचनाचं किंवा झोपेचं असेल तर सामानाची जागा बदला. चार्जर बेडरूममधून काढा, पुस्तक उशीवर ठेवा, म्हणजे झोपायचं तर ते उचलावंच लागेल. लगेच कुणीतरी म्हणणार की अलार्म फोनमध्ये असतो, तर साधं टेबलावरचं गजराचं घड्याळ आणा, ते वाजण्यापलीकडे काही करत नाही, आपल्याला तेच तर पाहिजे.

आणि काही गोष्टींची सवय लावायच्या भानगडीत पडूच नका. पैसे बाजूला काढणे ही रोज मनाला समजवायची गोष्टच नाही, एसआयपी किंवा आरडी एकदा लावून टाका आणि विसरा. फक्त तारीख पगाराच्या दिवशीची घेऊ नका, चार-पाच दिवस पुढची घ्या, कारण मध्ये बँकेची सुट्टी आली आणि पगार लांबला की हप्ता बाउन्स होतो आणि बँक वरून चार्ज लावते.

आता राहिला प्रश्न किती दिवस. ते २१ दिवसांचं सगळीकडे फिरतं त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडे जातं, पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तेवढे दिवस लागतात असं त्याने १९६० मध्ये लिहिलं होतं, त्याचा तुमच्या चालण्याशी काय संबंध! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक छोटी गोष्ट करायला लावून मोजलं तेव्हा साधारण ६६ दिवस निघाले, कुणाला १८ पुरले तर कुणाचा हिशोब २५४ पर्यंत गेला. त्यात कामाची गोष्ट ही की एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडत नव्हतं.

म्हणून मला ते ॲपमधले स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस झाले ते मोजणारे आकडे, पटत नाहीत, एक दिवस तुटला की माणूस सगळंच सोडून देतो. त्यापेक्षा दुधाचा खाडा मांडतो तसं करा. किचनमधल्या कॅलेंडरवर दूध आलं त्या दिवशी आपण काही लिहीत नाही, नाही आलं की त्या चौकोनात खूण करतो, तसंच इथेही फक्त न झालेल्या दिवशी बारीक फुली मारायची. महिनाअखेरीला पान बघायचं. फुल्या इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तर सोडून द्या, चालायचंच. सगळ्या शनिवार-रविवारच्या असतील तर सुट्टीच्या दिवशी ऑफिसवरून येणंच नसतं ना, मग त्या दोन दिवसांसाठी वेगळी जागा शोधा, सकाळी भाजी आणायला जातानाची वगैरे. आणि लागोपाठ फुल्या पडायला लागल्या तर स्वतःला शिव्या घालत बसू नका, काम निम्म्यावर आणा, तीन राउंडचे दीड करा, लाज वाटायचं काही कारण नाही.

स्टेटसला टाकायची गरज नाही. ज्याला त्याची झळ बसते त्याला मात्र सांगा, तुम्ही दारातूनच परत जाणार असाल तर चहा वीस मिनिटं उशिरा टाकायचाय हे घरात माहीत पाहिजे ना. दुसरी गोष्ट हातात घ्यायची ती पहिली न आठवता व्हायला लागल्यावर, आणि सोमवारची किंवा एक तारखेची वाट बघत बसू नका, बॅग आज संध्याकाळी पण रॅकवर ठेवता येते.